कंबरेतलं वल्हं

घाटाच्या पायरीवरनं पोरीनं परत फोन वर केला. कृष्णातनं वल्हं पाण्यातच थांबवलं.

"कशाला शूटिंग काढतीस गं सारखं?"

"तुम्हालाच दाखवायला, मामा. जॅकेटची चेन बघा की, सरळ माझ्याकडंच बघतीय. ती एकदा ह्या काठाकडं, एकदा त्या काठाकडं वळली पाहिजे. हातानं ओढू नका. कंबरेतनं फिरा."

हातानं ओढू नका! कृष्णेवरच्या होड्यांच्या शर्यतीत एकोणीस वर्षं पहिलं वल्हं मारलेल्या माणसाला हे कराडची चोवीस वर्षांची संयोगिता शिकवत होती. शर्यतीच्या होडीत माणसं एकमेकांना चिकटून कोंबलेली असतात. अंग जरा फिरलं की शेजाऱ्याला धक्का, आणि लगेच बापाचा उद्धार. म्हणून अंग खांबासारखं ताठ ठेवायचं आणि दंड तुटेस्तोवर ओढायचं, एवढीच साऱ्या काठाची विद्या. तिच्यापायी किती जणांचे खांदे निकामी झाले, ते कुठल्या ढालीवर कोरलेलं नाही.

कृष्णातचा उजवा खांदा वर्षभर ठणकत होता. बायको अंबूबाईलाही त्यानं पत्ता लागू दिला नव्हता. वीरधवल मालकानं घाटावर कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या निमुळत्या होड्या आणल्या, तेव्हा पाहुण्यांना नदीत फिरवायचं काम त्याला मिळालं आणि त्याला शिकवायला ही पोरगी आली. आता रविवारी परीक्षा होती. खालच्या वडापर्यंत जाऊन बारा मिनिटांत परत यायचं. जमलं नाही तर गेटवर बसून जॅकेटं वाटायची, ज्यांच्या पुढं ढाल उचलली त्यांच्यादेखत.

"खांदा दुखतोय का, मामा?" पोरीनं विचारलं.

"कुणी सांगितलं तुला?" कृष्णात सावध झाला. "काय बी दुखत न्हाई."

त्याच संध्याकाळी ती त्याला मालकाच्या जीपपाशी दिसली. फोन मालकाच्या हातात होता आणि मालक हसत होता. आपल्यावर पाळत ठेवायला पोरगी आणलीय, हे कृष्णातच्या डोक्यात पक्कं बसलं. दुसऱ्या दिवसापासून ती सांगेल त्याच्या उलट करायचं त्यानं ठरवलं. फक्त ती घाटावर नाही याची दोनदा खात्री करून घेतली, की तो कंबरेतून फिरून बघायचा. कयाक सुळकन पुढं जायची. मग त्याला तिचा जास्तच राग यायचा.

रविवारी मालकासमोर त्यानं मुद्दाम दंडानं ओढलं. बघू दे पोरीला, काठावरची ताकद काय असते. वड हाताच्या अंतरावर आला आणि खांद्यात कट्कन वाजलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. कयाक आडवी होऊन तशीच वाहत राहिली.

आता ओढायला हातच उरला नव्हता. त्यानं दात खाऊन वल्हं नुसतं धरून ठेवलं आणि पाय रोवून कंबर फिरवली. एकदा ह्या काठाला, एकदा त्या काठाला. प्रवाहाच्या विरुद्ध कयाक सरळ घाटाला लागली.

"तेरा मिनिटं," मालक घड्याळ बघत म्हणाला. मग संयोगिताकडं वळला. "हे कंबर हलवायचं खूळ तुमचं. चांगला पैलवान गडी ढिला करून ठेवला. उद्यापासून येऊ नका. कृष्णाताण्णा, तुमची परीक्षा पुढच्या रविवारी परत घेऊ."

संयोगितानं फोन खिशात टाकला. कृष्णातकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. आता तो नुसता गप्प बसला की झालं, कामही राहत होतं. पाळतीवरची पोरगी आपोआप जात होती.

"मालक," तो म्हणाला, "खांदा गेलाय माझा. वरीस झालं. जाताना मी हिचं ऐकलं न्हाई, म्हणून वडापाशी अडकलो. येताना ऐकलं, म्हणून तरी आलो."

"म्हंजे एवढे दिवस लपवलं व्हय?"

"व्हय."

मालकानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग उद्यापासून गेटवर बसा. मॅडम, तुम्ही येत जा." जीप निघून गेली.

कयाक वर न्यायची होती. कृष्णातनं डाव्या हातानं एक टोक उचललं.

"धर गं ते टोक."

पोरीनं धरलं. दोघं घाट चढू लागले.

"फोनमधलं मालकाला दाखवलंस न्हवं?"

"दाखवलं. त्यांनी मागितलं होतं."

"आणि खांद्याचं?"

"ते मला दिसलं होतं. पण नाही सांगितलं."

तो पायरीवर थांबला. मागं तीही थांबली. दोघांच्या मधे कयाकमधून पाणी ठिबकत राहिलं. दम खाऊन तो पुढची पायरी चढला.