परतीची रांग

पुण्याहून ज्वारीच्या वाणांच्या चाचणीचा निकाल, कॉम्प्युटरचा कागद, आला आणि पुष्पावतीनं तो दोनदा वाचला. खर्डा गावचं वाण शेवटून पहिलं! असं कसं? फेब्रुवारीत तिनं स्वतः ती कणसं हातात धरली होती. त्र्याहत्तरच्या त्या दुष्काळात बाकीची ज्वारी पोचट निघाली, पण खर्ड्याच्या कणसांत दाणा भरलेला होता.

मिरजगावजवळच्या बियाणे केंद्रात ती सहायक होती. प्रमुख राधाकृष्णसाहेब माणूस सरळ, पण कागदापुढे कुणाचं ऐकायचे नाहीत. "नापास वाणांची पोती सकाळीच दुष्काळी कामाच्या खडी केंद्रावर पाठवली," ते म्हणाले. "तिथं कामावरच्या बायांची पोरं उपाशी आहेत. आपण नापास बी कशाला सांभाळायचं?"

पण खर्ड्याचं बी दुसरीकडं कुठं उरलंच नव्हतं. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं, कानिफनाथबाबांनी, घरातलं शेवटचं काढून दिलं होतं. ते दळलं गेलं की संपलं.

कोणत्या वाफ्यात कोणतं वाण हे दाखवणारा नकाशा घेऊन ती चाचणीच्या कापलेल्या शेतात धावली. प्रत्येक वाफ्याचं वजन तिनंच लिहून पाठवलं होतं, दोन आकड्यांमध्ये स्वल्पविराम देऊन. कॉम्प्युटर ते आकडे ओळीनं उचलतो आणि नकाशासारख्याच चौकटीत एकेका खणात ठेवत जातो. आकडे तर बरोबर होते. मग चुकलं कुठं? काहीच सुचेना, म्हणून ती कापणीच्या दिवशी चालली होती तशीच वाफ्यांमधून चालू लागली. पहिली रांग संपली, बांध आला आणि पाय आपोआप वळले. दुसरी रांग उलट्या टोकाकडून सुरू झाली.

ती जागीच थबकली.

पेरणीची पाभर हाकणाऱ्याच्या घरात वाढलेली पोर ती. रांग संपली म्हणून रिकामं मागं जाऊन पुन्हा पहिल्या टोकाला कोण उभं राहतं? बैल वळतात तशी ती वळत गेली आणि आकडे त्याच क्रमानं लिहीत गेली. त्या शहाण्या यंत्राला ना बांध माहीत, ना बैल. त्यानं सगळ्या रांगा पहिल्या टोकाकडूनच भरल्या. दर दुसरी रांग उलटी बसली आणि खर्ड्याचं वजन भलत्याच वाणाच्या नावावर गेलं.

साहेबांनी नकाशावर बोट फिरवून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग गोदामाची किल्ली पुढं केली. "चुकून पहिला नंबर आलेल्या वाणाचं पोतं बदल्यात ने. पळ!"

पोतं सायकलला बांधून ती खडी केंद्रावर पोचली तेव्हा तिथं दळण करणारी गोजरबाई जात्यावर बसली होती. शेजारी पोरं थाळ्या घेऊन वाट बघत होती. खर्ड्याच्या पोत्यात तळालाच काय ती ज्वारी उरली होती.

"गोजरबाई, थांबा! ते बियाणं आहे. त्याऐवजी हे दळा."

जातं थांबलं. "सकाळी तुमीच म्हनला नापास हाय. आता म्हनता बियानं हाय. ह्ये तरी खरं कशावरनं?"

पुष्पावतीला धाप लागली होती. "मी पुन्हा चालून बघितलं."

गोजरबाईनं तिच्या धुळीनं माखलेल्या पायांकडं पाहिलं. मग जात्याच्या तोंडात बोटं घालून ती न दळलेले दाणे एकेक करून बाहेर काढू लागली.

"जरा दम धरा रं, पोरांनो," ती म्हणाली.