दाराची कडी

समाजमंदिराच्या दाराची कडी त्या दिवशी लीलाबाईंनी आतून लावली. सोयगाव तालुक्यातल्या त्या गावच्या त्या आशा सेविका. घरोघरच्या सुनांची बाळंतपणे आणि दुखणीखुपणी त्यांच्या भरवशावर असत. शहरातून आलेल्या विशाखेला त्या म्हणाल्या, "ताई, कडी लागल्याबिगर इथं कोनी खरं बोलत नाय. आन् मोबाइल बी भायेर ठिवा. त्यातून सासवा ऐकत्यात!"

बायका खळखळून हसल्या. सगळे मोबाइल सुपात घालून ओट्यावर ठेवले गेले आणि मगच बोलण्याला तोंड फुटले.

विशाखा छत्रपती संभाजीनगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती. स्त्रियांना त्यांच्या औषधोपचारांची वेळोवेळी आठवण देणारे एक बोलके अ‍ॅप ती कंपनी घडवीत होती, आणि जिने ते वापरायचे तिलाच ते घडवताना सोबत घ्यावे, असा संकल्प होता. विशाखा मूळची गंगापूरची. तिच्यासमोर माणसे लवकर मोकळी होत. तिच्या वाणीत असे काही मार्दव होते, की अ‍ॅपसाठी आवाजही तिचाच घ्यायचे ठरले होते. या दोन्ही गोष्टींचा तिला किंचित अभिमान होता.

तिने पुठ्ठ्याचे तुकडे आणि रंगीत पेने मधोमध ठेवली. "मोबाइल उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसावं, ते काढा बघू."

"आमाला काय दिसायचं डोंबल?" एक जण म्हणाली. "फोन ऱ्हातो धन्याच्या खिशात, नायतर सासूच्या उशाखाली."

तेव्हा कोपऱ्यातली तनुजा पुढे सरकली. दोन मुलींची आई. तिसऱ्या अपत्याची घाई घरात सर्वांना होती, एकट्या तिला नव्हती. लीलाबाईंच्या आधाराने ती पाळणा लांबवण्याचे इंजेक्शन गुपचूप घेत असे. तिने पुठ्ठ्यावर एक बंद दार काढले आणि त्यावर ठसठशीत कडी रेखली.

"फोननं आधी हे दाखवावं. म्या एकली असले तर कडीवर दोनदा बोट ठिवीन. मंगच त्यानं तोंड उघडावं."

"आन् सासूनं ठिवलं तर?"

"ती एकदाच ठिवंल. मंग त्यानं सांगावं, पानी उकळून प्या म्हनावं!"

पुन्हा हशा पिकला. विशाखेने तो पुठ्ठा दोन्ही हातांनी घेतला. "हे असंच होईल. माझा शब्द आहे." शब्द देताना माणूस देवापुढे उभा असतो, ही जाणीव त्या क्षणी तिला खरोखरच होती. तनुजाने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिले आणि घरच्या फोनचा नंबर सांगितला.

सिडकोतल्या कार्यालयात कंपनीचे प्रमुख अभय यांनी तो पुठ्ठा कौतुकाने न्याहाळला. मग म्हणाले, "पण विशाखा, आपण इतके जिल्हे फिरलो. कडी एका सोयगावनंच मागितली. बाकीच्या बायका म्हणतात, उगाच एक जादा बटन कशाला?"

"सर, बाकी ठिकाणी आपण दार उघडं ठेवून विचारलं होतं."

"पटतं ना, पटतं. पुढच्या आवृत्तीत घेऊ." पुठ्ठा त्यांनी काचेत मढवून दर्शनी भिंतीवर लावला.

अ‍ॅप कडीशिवायच सुरू झाले; गावातले नंबर आणि तारखा त्यात लीलाबाई भरत. लीलाबाईंना एक फोन करून तनुजाचा नंबर त्यातून काढून टाकायला सांगणे तिच्या हाती होते. परंतु दिलेला शब्द फिरला, हे कोणत्या तोंडाने सांगावे? पुढची आवृत्ती येईलच, अशी तिने मनाची समजूत घातली. लाज राखण्यासाठी तो एक फोन राहून गेला.

पोळ्याच्या सुमारास लीलाबाईंचाच फोन आला. त्यांचा स्वर कोरडा होता.

"ताई, तनुजाचा फोन अंगनात बोलला. सासू, धनी, दीर, सगळे जेवाया बसलेले. 'तनुजाताई, तुमच्या गर्भनिरोधक इंजेक्शनची तारीख जवळ आली आहे.' तुमचाच आवाज व्हता. लई गोड. तिला माहेरी धाडली, लासूर स्टेशनला. पोरी ठिवून घेतल्या. मला कोनी उंबऱ्याच्या आत घेईना."

विशाखेने क्षमा मागितली. पलीकडून फोन बंद झाला.

हिवाळ्यात अभिप्राय घेण्यासाठी अभय स्वतः गावात आले, सोबत विशाखेला घेऊन. तेच समाजमंदिर, तनुजा सोडल्यास त्याच बायका; मात्र मोबाइल या वेळी जिच्या तिच्या मांडीवर होते. विशाखा कडी लावायला उठली, तशा लीलाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ताई. उघडंच बरंय."

अभयनी एकेकीला विचारले. कुठे अडचण येते? काय बदलावे?

"चांगलं हाय."

"चांगलं हाय साहेब."

"काय बदलायचं नाय."

उंबऱ्यावर एक म्हातारी येऊन टेकली होती. तनुजाची सासू, सारजाबाई. विशाखेचे बोलणे कानी पडताच ती चपापली, मग तिचा चेहरा उजळला. "अगं बया! फोनमंदली बाई तूच व्हय? आवाज वळखला म्या." तिने पुढे येऊन विशाखेच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडली. "साहेब, लई गुनाची वस्तू केली तुमी. घरातलं मानूस लपवतं, पर ह्या लेकरानं खरं सांगितलं. आता घरला चला, च्या घेतल्याबिगर जायाचं नाय."

बायकांच्या माना खाली होत्या. लीलाबाई उघड्या दारातून बाहेर पाहत होत्या.

अभय भारावून गेले. परतताना सिल्लोडच्या रस्त्याला लागल्यावर ते विशाखेला म्हणाले, "आजींचं ते वाक्य जाहिरातीत घेऊ. 'ह्या लेकरानं खरं सांगितलं.' तुझ्याच आवाजात घेऊ."