पाचवा फाऊल

नावाजलेल्या खेळाडूला पंच झुकतं माप देतात का, असं कुणी विचारलं की मकबूलसर तोंडभर हसायचे. "मला चेहरा दिसतच न्हाय. मी नुसता पाठीवरचा नंबर बघतो," असं म्हणायचे. परंड्यात तीस वर्षं पोरांना बास्केटबॉल शिकवलेला, जिल्ह्याच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहणारा माणूस, त्याच्या शब्दाला कोण आव्हान देणार? हे वाक्य सर अलीकडे जरा जास्तच मोठ्यानं म्हणत, एवढंच.

खरं काय ते त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी धाराशिवला निवड चाचणीचा सामना होता. रणधीर म्हणजे जिल्ह्याचा लाडका. पुण्याहून निवड समितीचे लोक त्याच्यासाठीच आलेले. रणधीरचे चार फाऊल झाले होते, पाचवा झाला की तो मैदानाबाहेर. शेवटच्या तीन मिनिटांत त्यानं समोरच्याला सरळ कोपर मारलं. सरांनी शिट्टी फुंकली आणि पळत टेबलापाशी गेले. रणधीरचा नंबर नऊ. एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याची चार दाखवायची, गुणलेखकानं लिहायचं. सरांनी पाच दाखवली. मग समितीच्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताच्या चारातली दोन बोटं दुमडली. झाले सात.

सात नंबरचा वीरेश रणधीरच्याच संघातला, सोनारी गावचा, सरांचाच विद्यार्थी. त्याचेही चार झाले होते. तो दोन हात लांब उभा होता, त्यानं कुणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. पण सरांनीच शिकवलं होतं, फाऊल मिळाला की हात वर करायचा, वाद घालायचा नाही. वीरेशनं सरांकडे एकदा पाहिलं, हात वर केला आणि बाहेर जाऊन बसला. मनगटावर भैरवनाथाचा काळा दोरा होता.

रणधीर राज्याच्या संघात गेला. वीरेशनं खेळ सोडला आणि दोन वर्षांनी कुर्डुवाडीच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. त्या अपघाताचा नि फाऊलचा काडीचा संबंध नव्हता. सरांनाही हे कळत होतं, पण कळून उपयोग नव्हता. कारण तेव्हापासून प्रत्येक सामन्यात, शिट्टी वाजायच्या आत, डोळ्याच्या कडेला एक हात वर व्हायचा. काळा दोरा बांधलेला. सर वळून बघायचे, तर तिथं कुणीच नसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरनं चष्म्याचा नंबर बदलून दिला. हात काही गेला नाही.

आणि यंदा मुलींच्या जिल्हा अंतिम सामन्याला परंड्याच्या संघात अर्पिता होती. वीरेशची धाकटी बहीण. तिची आई मथुराबाई सोनारीहून दोन एसट्या बदलून आलेली, प्रेक्षकांच्या पहिल्या पायरीवर पदर डोक्यावर घेऊन बसलेली. सरांना वाटलं, पंच बदलून मागावा, तर जिल्ह्यात पंच होतेच किती!

समोर धाराशिवची हर्षाली. साऱ्या गर्दीच्या तोंडी तिचंच नाव. तिचेही चार फाऊल झालेले. शेवटचं मिनिट, धाराशिव एका गुणानं पुढे. अर्पिता चेंडू घेऊन घुसली आणि धाडकन पडली. त्याच क्षणी तो हात वर झाला, आज अगदी समोर. सरांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. हर्षालीचा नंबर त्यांनी असा दाखवला, जणू सहा वर्षांचं ओझं उतरवत होते.

परंड्याच्या पोरी नाचायला लागल्या. हर्षाली रडत बाहेर निघाली. तेवढ्यात दुसरा पंच श्रीनाथ जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, हर्षाली लांब होती की. अर्पिता सोताच्याच पायात अडकली."

सरांनी ते पाहिलं होतं. पाहूनही शिट्टी मारली होती. आता निर्णय फिरवला तर लोक म्हणणार, बघा, इस्टारला वाचवलं. आणि पायरीवर बसलेली ती बाई काय म्हणणार? पण तसाच ठेवला तर आणखी एका निरपराध पोरीला आपण बाहेर बसवणार. चेंडू पुन्हा खेळात येण्याआधी ते टेबलापाशी गेले नि म्हणाले, "चूक माझी हाय. फाऊल खोडा."

शिव्यांचा नुसता पाऊस पडला. परंडा एका गुणानं हरलं.

सामना संपल्यावर मथुराबाई संथपणे चालत आल्या. सरांनी मान खाली घातली. शिव्या ऐकायची त्यांची तयारी होती.

"सर, एक इचारू का? लिवलेला फाऊल खोडता येतोय व्हय?"

"येतो, बाई. लगेच सांगितलं तर येतो."

मथुराबाई बोलू लागल्या. "इरेश त्या दिशी घरी आला, जेवला न्हाय. मी लई बोलले तुमाला. तर मलाच म्हनला, आई, सरांना नावं ठिवू नगंस. त्यांनी नंतर मान खाली घातली, त्यांना चूक कळली व्हती. पर एकदा लिवलं की सरांच्याबी हातात राहत न्हाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मरंस्तवर त्येला तसंच वाटत व्हतं, सर."