पाठीवरचं मीठ

सांगा बरं, भरवसा ठेवावा तो कुणावर? रोजच्या गिऱ्हाइकावर, तराजूवर, की शेजारच्या दुकानदारावर? माझं ऐकाल तर पाठीवरच्या ओझ्यावर ठेवा. त्याला खोटं बोलता येत नाही. मी सायकल बोलतेय; काळी, बावीस इंची, पनवेलच्या बाजारातल्या कमलाकरशेठांच्या मिठाच्या दुकानातली. त्यांच्या संगतीत मलाही बाजारी बोलणं लागलंय, तेवढं सांभाळून घ्या.

लग्नाच्या वर्षी शेठांनी मला आणलं. आठवडाभर माझ्या कॅरिअरवर मीठ असायचं, रविवारी सुनंदाबाई. एका बाजूला पाय सोडून बसायच्या, एक हात सीटच्या स्प्रिंगला. सुकापूर मागे पडलं की म्हणायच्या, "अहो, एकदा अशाच अलिबागपर्यंत नेऊन आणा ना. समुद्र बघायचाय मला."

"आणि दुकान कोण उघडेल?"

"मीठ काय नासणार आहे?"

मीठ नासलं नाही. बाईच गेल्या, सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात.

नव्वद सालच्या जानेवारीत बाजारात कागद चिकटले: पनवेल ते अलिबाग, सायकल सहल. पाचच्या आत स्वतःच्या पायांनी पोचायचं. मागे राहील त्याला टेम्पोत घालणार. शेठांनी नाव दिलं. पन्नाशी उलटलेली, आणि आजवर मला पळस्प्याच्या पुढे नेलेलं नाही!

आदल्या दिवशी शेठ मोकळ्या कॅरिअरने फेरी मारायला निघाले आणि चौकातच डगमगले. उभा जन्म मागे वजन घेऊन चाललेला माणूस. परत आले, पोत्यात मीठ भरलं, बांधलं, फेरी मारली. पुन्हा सोडलं, आणखी थोडं घातलं. समोर तराजू टांगलेला, पण त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटच्या फेरीला पाठीवर जो भार आला, तो माझ्या ओळखीचा होता, रविवारचा. त्यांच्याही. त्यांनी गाठ आवळली.

सकाळी दुकानासमोर भाजी मांडणाऱ्या गुणाबाईने हटकलंच. "काय वो शेठ, दर्याचं मीठ सरलं काय? तुमी घेऊन चाललाव!"

"काय करू, समुद्र बघायचाय म्हणत होती."

गुणाबाईचा हात मेथीच्या जुडीवरच थांबला. "जावा," ती हळूच म्हणाली. "सावकाश जावा."

कर्नाळ्याच्या खिंडीत आम्ही सगळ्यांत मागे. सहलीची व्यवस्था बघणारा निनाद, बँकेतला, मोटरसायकलवरून परत आला. "काका, ते पोतं टेम्पोत द्या. चढ आहे पुढे."

"पोतं टेम्पोत, तर मीही टेम्पोत."

"अहो, पण पाच म्हणजे पाच हं!"

"दुकानदार आहे राव मी. फळ्या लावायची वेळ मला कळते."

पेण सोडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मडगार्डच्या तारेवर घासून पोत्याचा कोपरा फाटला होता. मीठ सुटत होतं, डांबरावर बारीक पांढरी रेघ पडत होती. मला ओरडायचं होतं. पण घंटी वाजणार ती मालकाच्या अंगठ्याने. वडखळ गेलं, मी हलकी होत चालले. कार्लेखिंडीच्या चढावर शेठ उतरलेच नाहीत, आणि डगमगलेही नाहीत. त्यांना वाटलं, पाय सरावले.

पाचाला थोडा अवकाश असताना समुद्र दिसला. बाकीच्यांना घ्यायला घरची माणसं आलेली. कुणाच्या हातात हार, कुणाच्या थर्मास. शेठ मला ढकलत ओल्या वाळूपर्यंत गेले. "बघ," म्हणाले आणि मागे वळले.

पोतं चपटं. कोपऱ्यात मूठभर मीठ.

बराच वेळ ते आल्या रस्त्याकडे बघत राहिले. मग ते मीठ ओंजळीत घेतलं आणि वाकून पाण्यात सोडलं.

निनाद पदक घेऊन धावत आला. "पोचलात की काका! कुणी न्यायला नाही आलं? एकटेच?"

शेठांनी गळ्यात पडलेलं पदक काढून माझ्या कॅरिअरला अडकवलं.

त्यानंतर त्यांनी माझ्या पाठीवर काही बांधलं नाही. रविवारी हिंडायचे ते मोकळ्या कॅरिअरने, सरळ, न डगमगता. मला मात्र ते हलकेपण कधी सोसलं नाही. आता त्यांचे गुडघे गेलेत, आणि मी दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून गंजतेय. संध्याकाळी येतात, कॅरिअरवर हात ठेवून उभे राहतात. गिऱ्हाईक विचारतं, पदक कसलं? शेठ सांगतात, "एकटा गेलो होतो अलिबागला."

तुम्ही तरी हिशेब खरा ठेवा. पनवेलहून तिघं निघालो होतो. अलिबागला दोघं पोचलो. त्यात कमीजास्त करू नका.