कपाळावरचा आकडा

तीन दिवस आकडा उतरत होता. चौदा, साडेबारा, पावणेबारा. मी तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, पोरीच्या दुधाच्या वेळांखाली लिहीत होते आणि दिवसातून दहा वेळा जाऊन वाचत होते.

बाळंतपणाला मी दुबलगुंडीला, माहेरी आले होते. आईला आम्ही अव्वा म्हणतो. शेजारपाजारचे शांतम्मा म्हणतात. पोर दवाखान्यात झाली आणि दुसऱ्याच दिवशी पिवळी पडली. कावीळ बघायला नर्सनं टाचेत सुई टोचली. रक्त नीट येईना, म्हणून परत टोचली. पोर रडून रडून निळी झाली, तेव्हा अव्वानं तिला ओढूनच घेतलं. "चार दिवसांचं लेकरू न्हाई झालं अजून, अन् चाळणी करायलेत टाचंची," म्हणाली. चौदा आली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण रोज मोजा. पंधराच्या वर गेली की लगेच आणा.

रोज सुई टोचायची हे मला नको होतं. तेव्हा कळलं, की गावातल्या उपकेंद्रात तुळजा सिस्टरकडं नवं यंत्र आलंय. टॉर्चएवढं पांढरं यंत्र. कपाळाला टेकवलं की टक् असा आवाज करून उजेड मारतं, आणि कातडीतून परत आलेल्या उजेडावरून काविळीचा आकडा सांगतं. रक्त नको, सुई नको. मीच सिस्टरला फोन केला. अव्वाला मीच समजावलं. बीएस्सीला असताना रंगीत द्रावणातून उजेड सोडून आम्ही असंच काहीतरी मोजायचो, त्यामुळं माझा त्यावर जरा जास्तच विश्वास होता.

घरी आल्या आल्या, चौथ्या दिवशी, स्वामींनी पोरीला लिंग बांधलं. आम्हा लिंगायतांत ते नाव ठेवायच्या आधीच बांधतात. एवढंसं लिंग, पांढऱ्या कापडाच्या रुंद पट्टीत गुंडाळून छातीवर. ते अंगावरून उतरवायचं नाही. त्याच सकाळी अव्वानं पोरीला उन्हात धरायला सुरुवात केली. अंगणात पाटावर बसून, पोरीला पायांवर उताणी घेऊन, डोळ्यांवर पदराचं टोक टाकून. अर्धा तास उताणी, अर्धा तास पालथी. अंगावर लिंगाची पट्टी सोडून काही नाही.

"कावीळ उन्हाला भिती," अव्वा म्हणायची.

मला त्यात काही चूक वाटलं नाही. उन्हातल्या निळ्या उजेडानं कावीळ थोडी उतरते, हे मीही वाचलं होतं.

ऊन घेऊन झालं की नऊच्या सुमाराला सिस्टर यायची. कपाळावरचं भस्म ओल्या कापसानं पुसायची, टक् करायची, आकडा सांगायची. यंत्र छातीलाही लावता येतं, असं पहिल्या दिवशी तीच म्हणाली होती. पण छातीवर लिंग होतं, म्हणून तिनं आपणच हात मागं घेतला. अव्वाला ते आवडलं. "पोरगी रीतभात जाणती हाय," म्हणाली, आणि तिला चहा दिला.

सहाव्या दिवशी दुपारी अंघोळ घालताना लिंगाची पट्टी भिजली. अव्वा ती बदलायला लागली. एका हातानं लिंग उचलून धरलं, दुसऱ्या हातानं ओलं कापड काढलं, कोरडं खाली सरकवलं. तेवढ्या वेळात मला खालची कातडी दिसली. पिकल्या भोपळ्याच्या आतल्या रंगाची. आजूबाजूची छाती, पोट, गळा फिक्कट. पट्टीएवढीच पिवळी पट्टी, रेघ मारल्यासारखी.

"अव्वा, हळद लावलीस का हिला?"

"लावली की दुधातून. तुलाबी लावायची. कामून?"

"काही न्हाई."

हळदीचा रंग असता तर सगळ्या अंगावर दिसला असता. हे मला तेव्हाच, तिथं न्हाणीच्या दारात कळलं होतं. पण आत कॅलेंडरवर पावणेबारा लिहिलेलं होतं. बोलले असते तर परत गाडी, परत दवाखाना, परत टाच. मी टॉवेल पुढं केला. त्या दुपारी पोर चार घोट प्यायली आणि झोपली. मी कॅलेंडरवर 'थोडं' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुधाला उठेचना. तळवे चोळले तर रडली, पण ते रडणं तिचं नव्हतं. बारीक, किनरं, एकसारखं. सिस्टर आली. कपाळ, टक्. अकरा.

"झालं बघा आजी. उद्यापासून मी न्हाई यायची," सिस्टर हसून म्हणाली. "आता बारशाचे पेढे द्यायला बोलवा."

"सिस्टर, छातीवर लावून बघा," मी म्हणाले.

"लिंगाच्या जागी? मी न्हाई बाई हात लावायची."

"आकडा उतरलाय न्हवं," अव्वा म्हणाली. "मग कशाला लेकराला उघडं पाडायलीस?"

"अव्वा, तू लिंग उचलून हातात धर. अंगावरून काढू नको. नुसतं धर."

माझा आवाज कसा होता कोण जाणे, अव्वा उठली. तिनं हात धुतले, पट्टी सैल केली, लिंग तळहातावर घेऊन मूठ मिटली. सिस्टरनं त्या पिवळ्या जागेवर यंत्र टेकवलं.

आकडा आलाच नाही. नुसत्या आडव्या रेघा.

"चार्जिंग संपलं वाटतं." तिनं परत कपाळाला लावलं. अकरा. परत छातीला. रेघा.

ती यंत्र हातावर आपटून बघायला लागली. "बिघडलं न्हाई ते," मी म्हणाले. कॉलेजात द्रावण फार गडद झालं की काटा टोकाला जाऊन अडकायचा. यंत्राला वीसपर्यंतच मोजता येत होतं. पोर त्याच्या पुढं गेली होती. उन्हानं कपाळाची, पोटाची, पायांची कातडी तेवढी उजळली होती. रक्त होतं तसंच पिवळं होत चाललं होतं. खरं काय ते फक्त त्या पट्टीखाली राहिलं होतं, कारण तिथं ऊन पोचलं नव्हतं. आणि आम्ही रोज उजळलेल्या जागेवरच मोजत होतो.

माझे यजमान शरणबसव चिटगुप्प्याहून गाडी घेऊन आले. हुमनाबाद, मग कलबुर्गीचा मोठा दवाखाना. सगळ्या वाटेनं अव्वानं मूठ उघडली नाही. लिंग पोरीच्या अंगाला लागून असावं म्हणून ती मूठ तिच्या पोटावर धरून बसली होती. दवाखान्यात रक्त काढलं. या वेळी अव्वानं अडवलं नाही. सव्वीस.

पोरीचं रक्त बदललं. थोडं काढायचं, थोडं घालायचं, असं कितीतरी तास. तिच्या मानेला बाक आला होता, पाठीमागं. तो दुसऱ्या दिवशी गेला.

"एक दिवस आधी आणलं असतं तर?" मी डॉक्टरांना विचारलं.

त्यांनी कागदावरून मान वर केली. "दूध कधीपासून कमी झालं होतं?"

"आणलं त्याच्या आदल्या दिवसापासून."

त्यांनी ते लिहून घेतलं.

बाहेर बाकावर अव्वा म्हणाली, "माझ्या उन्हानं झालं का गं?"

"न्हाई अव्वा. उन्हानं काही वाईट झालं न्हाई." हे खरंच होतं. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, तेवढ्यात शरणबसव चहा घेऊन आले.

पोर वाचली. कावीळ एवढी चढली की कान जाऊ शकतात, म्हणून तिसऱ्या महिन्यात कानाची तपासणी झाली. झोपेचं औषध पाजून डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात, पडद्यावर रेघ उमटते. इथंही सुई नाही. डाव्या कानाची रेघ सपाट होती, त्यात काहीच पोचत नव्हतं. उजव्यात फार मोठा आवाज थोडासा पोचत असावा, नक्की सांगता येत नाही, परत बघू, असं म्हणाले. शरणबसव आणि मी दोघांनी ठरवलं, बारसं होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

बारसं दुबलगुंडीतच केलं. माझी नणंद भागाबाई पाळण्यावर वाकल्या, हाताचा आडोसा करून त्यांनी पोरीच्या कानात नाव सांगितलं. डाव्या.

"अक्का, उजव्या कानातबी सांगा."

"दोन-दोनदा कामून?"

"सांगा की."

त्यांनी सांगितलं. पोर वर टांगलेल्या कागदाच्या पोपटाकडं बघत होती.

"जरा मोठ्यानं, अक्का."

बायका हसल्या. शेजारच्या विमलबाई म्हणाल्या, "अगं नाव हळूच सांगायचं असतंय. तुला काय गावात दवंडी द्यायची हाय?"

अव्वाही हसत होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. तिनं नणंदेला बाजूला केलं, पाळण्याची दोरी धरली, आणि पोरीच्या उजव्या कानाशी वाकून, शेतातून हाक मारावी तशी हाक मारली. "चैत्रा."

पोरीची पापणी लवली. ती आवाजानं लवली की अव्वाच्या श्वासानं, हे मला कळलं नाही. कपाळावरचं जावळही त्याच वेळी हललं होतं.

अव्वा तशीच वाकलेली राहिली. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तिनं माझ्याकडं न बघता हळू विचारलं, "कवापासून ठाव हाय तुला?"

ती तपासणीबद्दल विचारत होती. मला न्हाणीचं दार दिसत होतं. कोणत्या दिवसाचं सांगावं, ते मला सुचेना.