फोनमधला घोडा

मी भिवा, फलटणकडचा नालबंद. आता दुबईबाहेर वाळूतल्या एका तबेल्यात घोड्यांना नाल ठोकतो. 'होऽ राजा' म्हटलं की घोडा थांबतो, हे आमच्या घरात पोर चालायच्या आधी शिकतं.

आमची स्वयंपाकीण यम्ना आफ्रिकेतली. तिच्या देशात यादवी पेटलीय. आता तह होणार म्हणतात, तर लुटारूंना उलट चेव चढलाय: सह्या व्हायच्या आत हाताला लागेल ते ओरबाडा. डिझेल संपलं, म्हणून घोड्यांवरून गावं लुटतात, पोरी उचलून नेतात. पटकी येवो मेल्यांना!

त्या दुपारी यम्ना फोन घेऊन धावत आली. तिची धाकटी बहीण झुबेदा घराबाहेरच्या कडब्यात लपली होती. फोन दोन्हीकडे स्पीकरवर, आणि त्या पोरीला तो बंद करायला बोट हलवायचीही सोय नव्हती.

"भिवाभाई, आवाज मत करना," यम्ना कुजबुजली.

फोनमधून टापा आल्या. तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांनी वैरण सोडून माना वळवल्या, फोनकडे. एकाचंही शेपूट हलेना.

माझ्या मांडीवर पाय दिलेली घोडी थरथरायला लागली आणि सवयीनं तोंडातून गेलं, "होऽ राजा, होऽ."

तिकडच्या टापा थांबल्या. फोनमध्ये घोड्याचा श्वास ऐकू यायला लागला, अगदी कानाशी. वरून स्वाराच्या शिव्या, चाबकाचे फटके. घोडा जागचा हलेना. यम्नाची नखं माझ्या दंडात रुतली.

अरे भिवा, काय करून बसलास हे! बोलावं तर स्वाराला ऐकू जाणार, गप्प राहावं तर घोडा पोरीपाशीच उभा.

मग जीभ टाळूला लावून मी हळूच टक् टक् केलं. पाल चुकचुकावी तेवढंच. 'चल पुढं' म्हणायची आमची ही खूण. इकडचे सगळे घोडे एकदम पाऊलभर सरकले. तिकडेही टापा वाजल्या आणि लांब गेल्या.

"गेला," झुबेदा तिच्या भाषेत म्हणाली, ते यम्नानं मला सांगितलं. यम्ना माझे हात धरून रडायला लागली. मीही रडलो, त्यात लाज कसली?

तेवढ्यात फोनमधून, लांबून, एका बाईची किंकाळी आली.

"कोण गं?" मी विचारलं.

"पलीकडच्या घरातली बाई," यम्ना म्हणाली. "तिच्या पोरी लहान आहेत."

खंडोबा, मीच त्या घोड्याला पुढं जा म्हणालो होतो. पुढं कोण राहतं, ते मला माहीत नव्हतं.