कुलूप फोडलेली पेटी

मी प्रार्थनाघरातली चिठ्ठ्यांची पेटी बोलतेय. पोलिसांनी माझं कुलूप फोडलंय, तेव्हा आता गप्प बसायचा प्रश्नच नाही.

सुताराने मला बाकांच्या उरलेल्या फळ्यांतून केलं. लोक आपली दुखणी लिहून माझ्यात टाकत, धर्मगुरू ती मोठ्याने वाचत आणि सगळे मिळून प्रार्थना करत. वाचलेल्या चिठ्ठ्या मग परत माझ्यातच कुलूपबंद होत. कुणाला गुडघे छळत, कुणाला सासू.

एकदा शिलाईवालीची चिठ्ठी आली. ‘मला एचआयव्ही आहे. औषध रोज घेते. नवऱ्याला सांगायचं बळ मिळो.’ खाली नाव नव्हतं. पण धर्मगुरूंनी अक्षर ओळखलं आणि मायेपोटी बोलून गेले, “आपल्या शिलाईवाल्या ताईंसाठी प्रार्थना करू या.” माया होती हो, अक्कल नव्हती!

तिसऱ्या दिवशी नवऱ्याने तक्रार केली. त्याला लागण झालेली नव्हती. औषधाने विषाणू पुरता दबलेला होता, त्यामुळे होणारही नव्हती. पण आमच्या राज्याचा कायदा म्हणतो, जोडीदाराला सांगितलं नाही म्हणजे गुन्हा. पोलिसांनी मला फोडून ती चिठ्ठी पुरावा म्हणून नेली आणि तिला कोठडीत टाकलं. अशा धाकाने कोण तपासणी करून घेईल?

दोन आठवडे सगळे माझ्यासमोरून खाली मान घालून गेले. मला त्यांची लाज वाटली. शेवटी धर्मगुरूंची आई भर प्रार्थनेत उठली. “अरे, तोंड तू उघडलंस आणि आत ती? देवाला काय सांगशील?”

धर्मगुरू कोर्टात गेले, चूक कबूल केली. तिला जामीन मिळाला, खटला मात्र उभाच आहे. मग ते दुसऱ्या धर्मांच्या गुरूंच्या दारांत गेले. तिथेही हीच कुजबुज, हीच भीती. आज विधानसभेत तो कायदा रद्द करण्यावर मतदान आहे, आणि ते सगळे मला घेऊन तिच्या पायऱ्यांवर बसलेत. माझ्यात आता कायदा रद्द करा म्हणणाऱ्या चिठ्ठ्या आहेत, नावानिशी.

एक आमदार म्हणाले, “तुम्ही प्रार्थना करा, कायद्यात लुडबुड कशाला?”

“आमची प्रार्थना फोडून नेली ती कुणी?” धर्मगुरूंची आई कडाडली.

शिलाईवाली माझ्या शेजारीच आहे. तीन वर्षांची शिक्षा डोक्यावर टांगलेली. धर्मगुरू पुन्हा म्हणाले, “ताई, माफ करा.”

“माफीचं नंतर बघू. आधी हा कायदा जाऊ दे.”

पहारेकरी दोनदा ओरडून गेला, पेटी उचला म्हणून. मी हलणार नाही. आत मतदानाला निघालेल्या साहेबांनो, तुमची हळहळ नको. प्रार्थना आमची आम्ही करू. तुम्ही तेवढा हात वर करा.